बाळंतिणीच्या खोलीतलं यंत्र

आयझातला आणि बाळाला सूतिकागृहातून घरी आणलं त्या दिवशी अंगणातला नळ गोठला होता. मेदेर सकाळपासून नळाला चिंध्या गुंडाळून पेटवत बसला होता, आणि बाप झाल्याच्या आनंदात त्यानं दोनदा स्वतःचा हातमोजाही पेटवला. दुपारी शेजारच्या बायका येणार होत्या. बाळाला पहिल्यांदा पाळण्यात बांधायचं होतं आणि तो मान घरातल्या सर्वांत मोठ्या बाईचा, म्हणजे मेदेरच्या आईचा, शारकान आपाचा होता.

जिपारनं स्वयंपाकघर धरलं होतं. ती थोरली सून. कढईत बोरसोक तळून काढत होती आणि कणकेचे फुगलेले सोनेरी तुकडे परातीत टाकत होती. घरात बाळंतीण असली की तिची जागा इथे आणि इथेच. बाळाला चाळीस दिवस पुरे होईपर्यंत तिनं त्या खोलीचा उंबरा ओलांडायचा नाही, असं कुणी तिला तोंडावर कधी सांगितलं नव्हतं. सांगायची वेळच तिनं कुणावर येऊ दिली नव्हती.

सत्तावीस वर्षांपूर्वी त्याच खोलीत तिचा पहिला मुलगा बेकतुर गेला. एकोणीस दिवसांचा होता. रात्री निजला तो सकाळी उठला नाही. जिपारलाही सकाळी शुद्ध नव्हती. आली तेव्हा तिला एवढंच सांगता आलं की छातीवर काहीतरी जड बसलं होतं आणि हात उचलत नव्हते. तेवढं पुरलं. अल्बार्स्ती आली होती, हे सगळ्या गावानं मान्य केलं. पिवळ्या केसांची ती बाई बाळंतिणीच्या छातीवर बसते आणि मूल घेऊन जाते. पण ती उगाच येत नाही. बाळंतीण बेसावध झोपली, तिनं दिवा मालवला, उशाखालची सुरी बाजूला सारली, तर येते. यातलं आपण काय केलं हे जिपारला आठवत नव्हतं. म्हणून तिनं सगळंच कबूल केलं.

पलीकडच्या खोलीतून हसण्याचा आवाज आला. मेदेरचा असणार. त्याला कुठेही हसू येतं.

"तीन माणसांनी तीन यंत्रं आणली," मेदेर म्हणत होता. "बाळाला झबलं मात्र एकानंही आणलं नाही."

"झबलं तुझी सासू आणेल. ती आणणार नाही ते आम्ही आणलं," सादिर म्हणाला. तो थोरला, जिपारचा नवरा. काराकेचेच्या खाणीतून कोळसा वाहून त्याची नखं कायमची काळी झाली होती. सकाळी त्यानं सहा पोती उतरवली होती आणि शेवटच्या पोत्यावरून एक पांढरी गोल डबी काढून ऐटीत आईसमोर ठेवली होती.

खोलीला ऊब देणाऱ्या कोळशाच्या भट्टीजवळ, बुटक्या टेबलावर आता तिन्ही यंत्रं ओळीनं पडली होती. भिंतीला टेकून शारकान आपा बसल्या होत्या. पलंगावर आयझात, तिच्या कुशीत बाळ. मधली बहीण बुरुल चष्मा लावून खोक्यांवरची बारीक अक्षरं वाचत होती. ती जिल्ह्याच्या दवाखान्यात नर्स. घरातलं औषधपाणी तिच्याकडे, आणि कुणाला न विचारता निकाल देणंही तिच्याकडेच.

"मेदेर, हे तुझं बाद."

"का? मी बिश्केकहून आणलंय. दुकानदार म्हणाला, याच्यासारखं दुसरं नाही."

"त्याच्या दुकानात नसेल. हे स्वयंपाकाच्या गॅससाठी आहे. नळी गळली तर ओरडेल. आपल्या गावात गॅसची नळी कुठाय?"

"खोक्यावर गॅसच लिहिलंय की."

"गॅस म्हटला की सगळे एकाच आईची लेकरं का? कोळशातून निघतो तो कार्बन मोनॉक्साइड. तो याला कळतसुद्धा नाही. आणि हे भिंतीतल्या विजेवर चालतं. वीज किती वाजता जाते?"

"सहाला."

"आणि येते?"

"तिच्या मनात आलं की येते," मेदेर म्हणाला आणि त्यानं आपलं यंत्र जवळ ओढून घेतलं. तरी हौसेनं भिंतीत खोचून ठेवलं. त्यावर हिरवा दिवा लागला.

"बैके, तुमचंही नाही चालणार," बुरुल थोरल्या भावाला म्हणाली. "हे धुरासाठी आहे. गादी जळली तर ओरडेल."

"धूर तर धूर. विस्तवाशिवाय वायू येतो कुठून?"

"विस्तवातूनच येतो, पण धुराशिवाय येतो. नीट पेटलेल्या कोळशाला धूर दिसतो का तुम्हाला? जन्मभर कोळसाच वाहिलात."

बहिणीनं आपल्याला आपल्याच कामातलं शिकवावं हे सादिरला रुचलं नव्हतं, पण मुद्दा बरोबर होता.

बुरुलनं स्वतः आणलेलं यंत्र पुढे केलं. मुठीत मावेल एवढं, चौकोनी, पुढे आकडे दिसायची पट्टी. "यावर सी आणि ओ ही दोन अक्षरं आहेत, ती असलीच पाहिजेत. सेलवर चालतं. आतला भाग सात वर्षांनी निकामी होतो, त्याची तारीख मागे छापलीय. नुसतं ओरडत नाही, आकडा दाखवतं. आपा, तुला बारीक आवाज ऐकू येत नाहीत, म्हणून मुद्दाम आकड्याचं घेतलं." तिनं सेल घातले आणि ते टेबलावर ठेवलं. "पलंगाजवळ लावायचं, श्वास घेतो त्या उंचीवर. भट्टीच्या डोक्यावर नाही, खिडकीशी नाही."

"सांग बघू मला," शारकान आपा म्हणाल्या. "हा तुझा वायू दिसतो?"

"नाही."

"वास?"

"नाही आपा."

"रात्री येतो. झोपलेल्या माणसाच्या छातीवर बसतो, हातपाय उचलू देत नाही आणि लहानाला आधी नेतो. बरोबर?"

"बरोबर."

"मग सत्तावीस वर्षं मी वेगळं काय सांगतेय? तुम्ही तिला शहरातलं नाव दिलंत, एवढंच."

मेदेर हसायला गेला आणि कुणीच हसत नाही हे पाहून थांबला.

"उशाखाली सुरी आहे. दिवा आहे. मी आहे," आपा म्हणाल्या. "दुपारी बायका येतील. भिंतीकडे बघतील. विचारतील, हे कशाला? काय सांगू?"

"आपा म्हणते त्यात चूक नाही," सादिर म्हणाला. "पाहुण्यांसमोर नको. आठ दिवसांनी लावू. घर पळून जात नाही."

मेदेरनं मान डोलावली. थोरल्या भावाच्या बोलण्यावर मान डोलावणं त्याच्या अंगवळणी पडलं होतं. आपली बाजू आता एकटीची झाली, हे बुरुलला कळलं.

"आज रात्री मला झोपायचंय इथे," पलंगावरून आयझात म्हणाली. आवाज अगदी हळू होता, पण सगळ्यांनी वळून पाहिलं. घरात येऊन तिला अजून वर्षही झालं नव्हतं आणि सासूसमोर ती मान वर करून बोलत नसे. "बैकेंना आठ दिवस थांबता येईल, आपा. मला नाही." मग ती बुरुलकडे वळली. "एजे, हा वायू लागला की काय होतं?"

मेदेरनं बायकोकडे पाहिलं, मग भावाकडे, आणि डोलावलेली मान त्याला आता परत कशी घ्यावी ते कळेना.

बुरुल सांगू लागली. गावोगावच्या बायकांना सांगते त्याच सुरात, बोटं मोजत. "डोकं दुखतं. मळमळतं. अंग जड होतं, उठावंसं वाटतं पण उठवत नाही. माणूस झोपेतच असेल तर त्याला यातलं काही कळत नाही. आणि गेलेल्या माणसाचे गाल लाल दिसतात, गुलाबी. निजल्यासारखा दिसतो."

"गाल लाल?"

उंबऱ्याबाहेर जिपार उभी होती. हातात बोरसोकची परात. आत पाऊल न टाकता कुणाच्या तरी हाती ती द्यावी म्हणून ती आली होती.

"त्याचे गाल लाल होते," जिपार म्हणाली. "बेकतुरचे. सगळे म्हणाले, किती छान दिसतोय, जिवंत असल्यासारखा. मी त्याला उठवत बसले होते."

बुरुलनं चष्मा काढला. जिपारकडे पाहायचं तिला जमेना. ती वही, तो वर्ग, खिडकीतलं ते झाड, तिला सगळं लख्ख आठवत होतं. बेकतुर गेला त्याच्या पुढच्याच वर्षी, नर्सिंगच्या शाळेत, शिक्षकांनी गालांचं सांगितलं आणि तिच्या हातातली पेन्सिल थांबली. सुट्टीत घरी जायचं आणि सांगायचं, असं तिनं ठरवलं होतं. गेलीसुद्धा. आईनं तिच्यासाठी मटण शिजवलं होतं. जिपारला दुसऱ्यांदा दिवस गेले होते. आता नको, तिला धक्का बसेल, असं बुरुलनं स्वतःला सांगितलं. पुढच्या वर्षी दुसरं कारण मिळालं. मग कारण शोधायचीही गरज राहिली नाही.

"हे बिघडलेलं दिसतंय, एजे," मेदेर म्हणाला. अवघड शांतता मोडावी म्हणून त्यानं ते छोटं यंत्र हातात घेतलं होतं. "आपोआप आकडे मोजतंय. एक्केचाळीस. आता शेहेचाळीस."

बुरुलनं ते त्याच्या हातून जवळजवळ हिसकावलं. क्षणभर पाहिलं, मग त्यालाच परत दिलं. "अंगणात घेऊन जा. मी बोलावेपर्यंत आत येऊ नकोस."

तो गेला. दोन-तीन मिनिटांनी त्यानं बाहेरूनच ओरडून सांगितलं, "शून्य."

"आण आत."

तो आत आला तेव्हा त्याच्या मिशीवर बर्फ होता. सगळे त्या पट्टीकडे पाहत राहिले. बारा. तीस. त्रेपन्न. चौसष्टवर आकडा जरा थांबला. भिंतीतल्या यंत्राचा हिरवा दिवा तसाच जळत होता आणि सादिरची पांढरी डबी गप्प होती.

"ओरडत का नाही मग?" सादिरनं विचारलं.

"एवढ्यावर तासा-दीड तासानं ओरडेल. पण रात्रभर अशा खोलीत..." बुरुलनं वाक्य सोडून दिलं. "खिडकी उघडा. आयझात, ऊठ. मेदेर, तिला धर."

खिडकीच्या फटी कापूस आणि कागदाच्या पट्ट्या लावून बंद केल्या होत्या. सादिरनं नखांनी पट्ट्या ओरबाडल्या आणि खांदा लावून खिडकी ढकलली. थंडी आत घुसली. बुरुलनं बाळाला रजईसकट उचललं आणि दाराकडे धावली, आणि दारात जे हात होते त्यांत ठेवलं. परात खाली पडली. बोरसोक जमिनीभर घरंगळले.

सादिर आता भट्टीपाशी वाकला होता. धुराड्याच्या झडपेची लोखंडी दांडी जवळजवळ पूर्ण आत ढकललेली होती, म्हणजे धुराडं बंद झाल्यातच जमा. भट्टीचं दार उघडून त्यानं पाहिलं. निखाऱ्यांवर निळ्या ज्योती नाचत होत्या. निळी ज्योत दिसते तोवर झडप लावायची नाही, हे या घरातल्या पोरांना चालायच्या आधी शिकवतात.

"कुणी लावली?"

"मी पूर्ण उघडी ठेवली होती," मेदेर म्हणाला. "सकाळी. आईची शपथ."

ज्या आईची शपथ त्यानं घेतली होती, ती भिंतीला धरून उठायचा प्रयत्न करत होती.

स्वयंपाकघराचं दार अंगणाकडे सताड उघडं ठेवून सगळे तिथे जमले. आयझातचं डोकं घरी आल्यापासून दुखत होतं. बाळंतपणामुळे असेल असं तिला वाटलं होतं. बाळ रडलं, मग जिपारच्या खांद्यावर शांत झालं. बुरुलनं त्याचे ओठ पाहिले, नखं पाहिली, छातीला कान लावला. "ठीक दिसतोय. पण माझ्या कानावर भरवसा नको. दोघांना दवाखान्यात न्यायचं. बैके, गाडी काढा."

"इंजिन गरम व्हायला वीस मिनिटं लागतील," सादिर म्हणाला. त्यानं मेदेरला किल्ली देऊन पिटाळलं आणि स्वतः तिथेच थांबला. तो बहिणीकडे पाहत होता. "गालांचं तुला कधीपासून माहीत आहे?"

"पुढच्या वर्षापासून."

"आणि तू बोलली नाहीस."

"नाही."

"मी हिला काय काय बोललो," सादिर म्हणाला. "सगळ्यांसमोर. सहा महिने मी हिच्या हातचं खाल्लं नाही. तुला दिसत होतं."

"दिसत होतं, बैके."

जिपार बाळाच्या पाठीवर थोपटत होती. "माझ्या दोन्ही मुली तुझ्या दवाखान्यात झाल्या, बुरुल," ती म्हणाली. "रात्रभर माझा हात धरून बसलीस. मी म्हणत होते, मला झोपू देऊ नकोस, मी झोपले तर ती येईल. तेव्हाही तुला माहीत होतं."

"हो, जेंगे."

"आणि तू म्हणालीस, नाही झोपू देणार."

बुरुल रडू लागली. कुणी तिला जवळ घेतलं नाही.

शारकान आपा स्टुलावर बसल्या होत्या आणि त्यांना ही तिघं फार लांब दिसत होती. त्यांचंही डोकं दुखत होतं. हे दुखणं त्यांच्या ओळखीचं होतं. सकाळी, पोरगं थरथरल्यासारखं वाटलं म्हणून, त्यांचा हात आपसूक दांडीकडे गेला होता. घट्ट बंद नाही केली, थोडी जागा ठेवली, असं त्यांनी मनाशी म्हटलं होतं. तेव्हाही हेच म्हटलं होतं. त्यांना वाटलं, आता गप्प बसलं तरी चालेल. बुरुलवर सगळं निघतंय, निघू द्यावं, ती माझी मुलगी आहे, सोसेल. हा विचार आपल्या मनात आला याचीच त्यांना भीती वाटली.

"तिला सोडा," त्या म्हणाल्या. "तिला शाळेत कळलं. मला त्याच सकाळी कळलं होतं."

सादिर वळला.

"त्या हिवाळ्यात कोळसा नव्हता. गावात कुणाकडेच नव्हता. जेवढा होता तेवढा त्या खोलीत जाळत होते. पहाटे मी उठून आले आणि झडप लावली, ऊब जाऊ नये म्हणून. निळी ज्योत होती. मी पाहिली होती." त्या थांबल्या. "उजाडल्यावर पुन्हा आले. दार उघडलं तसं माझंच डोकं गरगरलं. दोघं निजलेली. मी त्याला हात लावला. आणि मग मी हाक मारायच्या आधी झडप उघडली, खिडकी उघडली, ऊब सगळी जाऊ दिली. नंतर ओरडले. लोक आले तेव्हा खोली थंड होती. कुणीतरी म्हणालं, अल्बार्स्ती आली असेल. मी म्हटलं, हो."

अंगणात इंजिन खोकलं आणि बंद पडलं. मेदेर त्याला शिव्या देत होता. आणि त्याच वेळी फाटकातून बायकांचे आवाज आले, चार-पाच जणी, मोठ्यानं बोलत, हातात भेटीची गाठोडी घेऊन.

सादिरनं चेहऱ्यावरून हात फिरवला. "आपा, तू काही बोलू नकोस त्यांच्यासमोर. बाळाला बरं नाही म्हणून सांगतो. ही घरातली गोष्ट आहे."

"घरातली होती तर गावभर कशी झाली?" जिपार म्हणाली.

नवऱ्याला तिनं चारचौघांत असं कधी उत्तर दिलं नव्हतं. सादिर तिच्याकडे पाहत राहिला आणि मग दारातून बाजूला झाला.

"मला उठवा," आपा म्हणाल्या.

त्यांना बुरुलनं उठवलं. त्यांनी डोक्यावरचा पांढरा रुमाल सारखा केला आणि उघड्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. बायका मुबारक म्हणायला पुढे आल्या आणि त्यांचा चेहरा पाहून थांबल्या. त्यांतल्या दोघी बेकतुर गेला त्या सकाळीही आल्या होत्या. त्याच दोघींनी जिपारच्या अंगाखालची चादर जाळली होती.

"आज पाळणा नाही," शारकान आपा म्हणाल्या. "बाळाला दवाखान्यात नेतोय. खोलीत कोळशाचा वायू भरला होता, मी झडप लावली म्हणून. सादिरचा मुलगा गेला तोही मीच लावली म्हणून गेला. अल्बार्स्ती नव्हती. माझ्या सुनेनं दिवा मालवला नव्हता, सुरी काढली नव्हती. मी तुम्हाला बोलवायच्या आधी झडप उघडून ठेवली होती."

एका म्हातारीनं हातातलं गाठोडं जमिनीवर ठेवलं.

आपा वळल्या. जिपारकडे पाहायची हिंमत त्यांनी केली, पण क्षमा मागायला तोंड उघडेना. जिपारला ती नकोही होती. तिला दुसरंच काही हवं होतं. सत्तावीस वर्षं ते विचारायला तिला माणूसच नव्हतं, कारण खोलीत त्या रात्री आणखी कुणी आलं होतं हेच तिला माहीत नव्हतं.

"तुम्ही पहाटे आलात तेव्हा," ती म्हणाली, "तो रडत होता का?"

"नाही."

"नीट आठवून सांगा, आपा. मी झोपले होते. तो भुकेनं रडला असेल आणि मला जाग आली नसेल, असं मला—"

"तो पीत होता," शारकान आपा म्हणाल्या. "तू जागी होतीस. तू मला म्हणालीस, आपा, बघा कसा ओढतोय, पोट भरलं तरी सोडत नाही. मी हसले आणि झडप लावली."

जिपारनं खांद्यावरच्या पोराला किंचित घट्ट धरलं. इंजिन सुरू झालं होतं आणि मेदेर गाडीतून हाका मारत होता, पण तिला आधी एवढं एकच वाक्य नीट ऐकायचं होतं.

"पुन्हा सांगा," ती म्हणाली.